पाटणची ‘क’ प्रत

तुमच्या स्वतःच्या दारावरची पाटी तुम्ही शेवटची कधी वाचलीत? बघणं सोडा, ते रोजचंच आहे. वाचली कधी, अक्षर न् अक्षर? तिच्यावर काय लिहिलंय ते तुम्हाला पाठ आहे, म्हणून तर वाचत नाही. रंगाऱ्याने त्यातलं एक अक्षर गिळलं तरी तुम्हाला वर्षभर पत्ता लागणार नाही. लागेल तो पहिल्यांदाच आलेल्या पोस्टमनला. लगेच रागावू नका, भल्याभल्या पंडितांचं हेच होतं. गुजरातेत पाटणच्या एका ज्ञानभांडारात, म्हणजे जैनांच्या पोथ्यांच्या कोठारात, एका चातुर्मासात असंच झालं, आणि ते ज्याने पकडलं तो पंडित नव्हता, साधू नव्हता, श्रावकसुद्धा नव्हता. तो होता भांडाराचा पट्टेवाला, कचराभाई वीराभाई रावळ.

कचरा हे नाव ठेवण्यामागे त्याच्या आईचा हिशोब सरळ होता. आधीची तीन मुलं गेली होती, तेव्हा चौथ्याचं नाव असं ठेवायचं की यमालाही त्याला उचलावंसं वाटू नये. आपल्याकडे धोंडू-दगडू असतात, तसंच. उपाय लागू पडला. यमाने पाठ फिरवली, पण बाकीच्या गावाने नावाचा फायदा घेतला. ‘कचरा, इकडं ये’ म्हणणाऱ्याकडे तो मान वळवायचा नाही. ‘कचराभाई’ म्हटलं की उठायचा. भांडाराच्या शेठमंडळींना हे शिकायला दोन वर्षं लागली.

काम म्हणाल तर झाडलोट, अकरा कपाटांच्या किल्ल्या सांभाळणं, आणि वर्षातून एकदा प्रत्येक पोथी उघडून, वारा देऊन, कसर लागू नये म्हणून घोडावजाच्या, म्हणजे आपल्या वेखंडाच्या, पुरचुंड्या बदलून पुन्हा घट्ट बांधणं. शाळा इयत्ता दुसरीपर्यंत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने चुकीचा डबा आणला आणि कुणीतरी पाहुणा पंडित म्हणाला, “याला अक्षर कळत नाही, याच्या हाती ज्ञान दिलंय.” कचराभाईचं डोकं सणकलं. पुढच्या तीन वर्षांत त्याने डब्यावरच्या चिठ्ठ्या आणि आतली पानं समोरासमोर धरून जुनी अक्षरं स्वतःच शिकून घेतली. जुन्या लिपीत मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसत नाही, आधीच येऊन दारात उभी राहते. तिचा खोडसाळपणा त्याने चार दिवसांत ओळखला. नंतर तोच पंडित पुन्हा आला, तेव्हा कचराभाईने त्याला त्याच्याच हातातल्या पानावरचं नाव वाचून दाखवलं आणि न विचारता चहासुद्धा दिला. चहा मुद्दाम फिका होता.

भाषा मात्र त्याला येत नव्हती, आणि ते तो लपवायचाही नाही.

“मला अक्षरं दिसतात, अर्थ दिसत नाही,” तो सांगायचा. “देरासराबाहेर चपला सांभाळणाऱ्याला कोण किती पुण्यवान ते कुठं ठाऊक असतं? पण कुणाची चप्पल कुठली, ते त्याला बरोबर ठाऊक असतं.”

पंडित प्राणजीवन दर चातुर्मासात अहमदाबादेहून यायचे. सत्तरीचे, पांढरंशुभ्र धोतर, प्राकृत नुसतं जिभेवर. दोघांची रोज दुपारी ओट्यावर चहाची बशी आणि भांडण ठरलेलं. पंडितजी समजावून सांगत, “फार पूर्वी लोक ‘माता’ म्हणत. मग मधला त गळला, ‘माया’ झालं. ‘सागर’चं ‘सायर’ झालं, ‘नगर’चं ‘नयर’. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेलं व्यंजन टिकत नाही, असा नियम आहे.”

“नियम कसला त्यात, आळस आहे. शब्द म्हणजे खडीसाखर, पंडितजी. जितकी तोंडं चघळणार तितके कोपरे झिजणार.”

“त्या आळसालाच शास्त्रात नियम म्हणतात, गाढवा.”

“गाढवभाई म्हणा.”

ही झीज ज्या प्राकृतात सगळ्यात जास्त, तिला जुन्या व्याकरणवाल्यांनी नाव दिलंय महाराष्ट्री. तेव्हा आपण उगाच गुजराथ्यांना हसायला नको. मातेची माय करून आपण आजही तोच धंदा चालवतो आहोत.

तर त्या वर्षी मुनि सौम्यचंद्र महाराजांचा चातुर्मास पाटणला होता. पंचावन्न वर्षांचे, काडीसारखे, बोलणं मोजकं, आणि हातात बोटभर उरलेली शिसपेन्सील. एका आगमाची, म्हणजे जैनांच्या मूळ धर्मग्रंथाची, शुद्ध आवृत्ती तयार करायचं काम त्यांनी अकरा वर्षं चालवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की भगवंतांची वाणी आधी तोंडातोंडी चालली, मग लिहिली गेली. आणि लिहिणारा प्रत्येक लहिया नकळत स्वतःच्या तोंडासारखं लिहीत गेला. म्हणून जितकं पान जुनं तितका आवाज जुना. नव्या पोथीत जिथं ‘माया’ आहे तिथं जुन्या पानात ‘माता’ सापडायला हवी. खंभातच्या एका भांडारात या आगमाची ताडपत्रावरची प्रत होती. ती मिळावी म्हणून त्यांनी चार वर्षं पत्रं लिहिली. शेवटी चातुर्मासापुरती मिळाली. अट एकच, दिवाळीआधी परत. कार्तिकातल्या ज्ञानपंचमीला पोथ्या पूजेला मांडतात, तेव्हा ती आपल्या जागी हवी.

काम असं चालायचं. ताडपत्राचं लांब, अरुंद पान लाकडी ठवणीवर. पंडितजी मुहपत्तीचा रुमाल तोंडापुढे धरून पान मोठ्याने वाचणार. मुनिमहाराज छापील पोथी समोर धरून ऐकणार आणि जिथं फरक ऐकू येईल तिथं पेन्सिलीने खूण करणार. कचराभाई पंडितजींच्या समोर बसणार, वाचून झालेलं पान दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवणार, नवं मांडणार. पान ठिसूळ, म्हणून हे काम दुसऱ्या कुणाला दिलेलं नव्हतं.

दोन महिने असे गेले. एकशे साठ पानं संपत आली. आसो सुद चौथीला, म्हणजे आपल्या आश्विन शुद्ध चतुर्थीला, दुपारी मुनिमहाराजांनी छापील पोथी मिटली. दुसऱ्या दिवसापासून आयंबिलाच्या ओळीचे, एकवेळ अळणी जेवायच्या व्रताचे, दिवस लागणार होते. त्या बारा दिवसांत आगम वाचायचे नाहीत, अशी चाल आहे.

“इतक्या शतकांपूर्वीचं पान,” ते म्हणाले, “आणि आपल्या पोथीपेक्षा वेगळं काहीच नाही. चार वर्षं मी कशाची वाट पाहिली?”

“शुद्ध परंपरा, साहेबजी,” पंडितजी म्हणाले. “एक अक्षर हललेलं नाही.”

कचराभाई पान उचलत होता. पानाकडेच बघत तो म्हणाला, “हललंय की.”

“काय म्हणालास?”

“पंडितजी, राग मानू नका. पण तुम्ही पान वाचत नाही. पानाकडं बघून म्हणता. बोट इथं असतं आणि तोंड अहमदाबादला.”

“मी हे सूत्र चौदाव्या वर्षी कंठस्थ केलं. छप्पन्न वर्षं झाली त्याला, कळलं?”

“तेच तर सांगतोय.”

पंडितजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पान ओढून घेतलं, कचराभाईने दाखवलेल्या जागी बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, “माया.”

“बोटाखाली त आहे.”

“माया,” पंडितजी पुन्हा म्हणाले.

मुनिमहाराज उठून आले, वाकले, पान निरखलं, आणि तेही त्याच सुरात म्हणाले, “माया.” त्यांनीही हे सूत्र लहानपणीच पाठ केलं होतं.

आणि इथं कचराभाईकडून चूक झाली. त्याला हसू आलं.

नेमके त्याच वेळी दारात शेठ चकुभाई उभे होते, भांडाराचे मुख्य ट्रस्टी, वंदनाला आलेले. त्यांनी ते हसू पाहिलं.

“पट्टेवाला महाराजसाहेबांना हसतो?” शेठ म्हणाले. “आगम वाचायची मुभा आम्हा श्रावकांनाही नाही. आणि हा रावळ, हातात झाडू, तो पंडितांच्या चुका काढणार? किल्ल्या ठेव आणि चालता हो.”

“ठेवतो,” कचराभाई म्हणाला. तो उभा राहिला होता आणि त्याचा आवाज चढला होता. “पण आधी पान तपासा. सगळीच्या सगळी पानं. मी वाचलेलं एक अक्षर जरी खोटं निघालं तर किल्ल्याही तुमच्या, मागची खोलीही तुमची.”

“एक अक्षर?” शेठनी विचारलं.

“एक.”

“साहेबजी, तुम्ही साक्षी आहात,” शेठ म्हणाले.

मागची खोली म्हणजे कचराभाईचं घर. भांडाराच्या मागच्या अंगाला, बावीस वर्षांचा संसार, आणि पाटणभर त्यांना दुसरं छप्पर नव्हतं. त्याची बायको डाही बाजरीचा रोटला थापत होती. सगळं ऐकून तिचे हात थांबले नाहीत.

“बारा दिवस आराम मिळाला असता,” ती म्हणाली. “तर हे घर पैजेवर लावून आले.”

“पानावर त आहे, डाही.”

“असू दे. इतकी वर्षं तो तिथं होता, त्याने कधी कुणाकडं तक्रार केली? तुम्हालाच काय त्याचा पुळका?”

“अगं, लिहिलंय एक आणि म्हणतात एक.”

“आख्ख्या गावात तेच चालतं. तुम्ही किती जणांची घरं उठवणार आहात? आधी आपलंच उठवलंत म्हणा.” तिने रोटला तव्यावर टाकला. “आणि बघा, एक अक्षर म्हणालात. दोन म्हणाला असतात तर जीभ झडली असती?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनिमहाराजांनी त्याला बोलावलं. पंडितजी आधीच बसले होते, तोंड भिंतीकडे.

“आम्हा दोघांना जे दिसलं नाही ते तुला कसं दिसलं?” मुनींनी विचारलं.

“मी समोर बसतो साहेबजी. मला पान उलटं दिसतं. तुमची ओळ जिथं संपते तिथं माझी सुरू होते. पुढचं अक्षर काय येणार ते मला ठाऊक नसतं. आलं तरी त्याचा अर्थ कळत नाही. मग जे आहे तेच दिसतं.”

मुनिमहाराजांनी ठवणी जवळ ओढली. मग त्यांनी कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या आणि कालच्या पानावर अशा ठेवल्या की मधून एकच अक्षर दिसावं.

“पंडितजी, हे काय आहे?”

“साहेबजी, ओळीचे दिवस आहेत. आणि शेवटाकडून वाचणं म्हणजे आशातना, शास्त्राचा अपमान.”

“एक सुटं अक्षर म्हणजे शास्त्र नव्हे. काय आहे?”

पंडितजी वाकले. “ता,” ते म्हणाले.

पट्टी सरकली. “मा.”

पंडितजींनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. “लहियाची चूक असेल,” ते हळूच म्हणाले. “एखादी.”

“मग किती एखाद्या आहेत ते मोजू.” मुनिमहाराजांनी आसन सरळ केलं. “या बारा दिवसांत आगम वाचायचे नाहीत. बरोबर. पण ज्याला अर्थ कळत नाही त्याने पहिल्या पानापासून, प्रत्येक पान शेवटाकडून सुरुवातीकडे, एकेक अक्षर सांगणं, हे वाचन नव्हे. ही मोजणी आहे. आणि याच कारणाने कचराभाईला आगम वाचायची मुभा आहे की नाही, हा प्रश्नही उठत नाही. यात काही दोष लागलाच तर तो माझ्या माथी. मी त्याचं प्रायश्चित्त घेईन.”

शेठ चकुभाईंना हे कळलं तेव्हा त्यांना बराच वेळ यातली पळवाट कुठं आहे तेच सापडेना. सापडली नाही म्हणून ते रोज येऊन बसू लागले. खिशातून भिंग काढायचे, वाटेल त्या पानावर वाटेल तिथं बोट ठेवायचे आणि विचारायचे, “हे?” कचराभाई सांगायचा. शेठ भिंगातून बघायचे आणि निराश होऊन भिंग खिशात ठेवायचे.

पानावर थुंकीचा कण उडू नये म्हणून तोंडापुढे कापड हवं, आणि कचराभाईचे दोन्ही हात पानात गुंतलेले. त्याने डाहीच्या जुन्या साडीची पट्टी नाकावरून घट्ट बांधली. पहिल्या दिवशी डाही पाणी द्यायला आली आणि दारातच थबकली.

“कुठली पेढी लुटायचीय?” तिने विचारलं.

मुनिमहाराजांनी मान खाली घातली. त्यांची पेन्सील थोडी हलली.

कचराभाई शेवटाकडून अक्षरं सांगायचा आणि पंडितजी ती कागदावर उजव्या कडेपासून डावीकडे लिहीत जायचे, म्हणजे ओळ आपोआप सरळ व्हायची. पहिले दोन दिवस ते एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुटपुटले, “म्हातारपणी फारसी लिहायला लावलीस.” चौथ्या दिवशी चहाची बशी पुन्हा दोघांच्या मधोमध आली. त गळलेला नव्हता, ग होता, क होता. छापील पोथीत जिथं नुसत्या भेगा उरल्या होत्या तिथं पानावर अख्ख्या विटा होत्या. पाचव्या दिवशी खुणा चारशेवर गेल्या. मुनिमहाराजांची बोटभर पेन्सील संपली आणि त्यांनी नवी मागितली, ती अकरा वर्षांत तिसरी.

“पंडितजी,” कचराभाईने एकदा विचारलं, “वाईट वाटतं का?”

“वाटतं,” पंडितजी म्हणाले. “छप्पन्न वर्षं मी ज्याला वाचन समजलो ते गाणं होतं. पण लिही म्हटलं की लिहितो आहे ना? सांग पुढं.”

नवव्या दिवशी दुपारी कचराभाई जेवायला घरी आला. डाहीने ताट वाढलं. ताकाचा वाडगा तोंडाला लावताना तो मनाशी काहीतरी गुणगुणत होता.

“काय गाताय?”

“काही नाही.”

आणि वाडगा तसाच हातात राहिला. कारण तो गुणगुणत होता ती पुढच्या पानाची ओळ होती. अजून न उघडलेल्या पानाची. या सूत्रांत तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात, नावं तेवढी बदलतात. आठ दिवस ऐकून ऐकून, उलटीसुलटी करून, त्याला ती पाठ झाली होती. आता पुढं काय येणार ते त्याला ठाऊक असायचं.

तो ताटावरून उठला. भांडार उघडून त्याने सकाळची पानं पुन्हा मांडली आणि पंडितजींच्या कागदाशी अक्षर अक्षर ताडून पाहिली. एकशे बाराव्या पानावर, तिसऱ्या ओळीत, कागदावर त होता. पानावर य होता. साधा, स्वच्छ, न पुसलेला य. त्या जागी त्याला त हवा होता, आणि तो त्याने वाचला होता.

कुणी पाहिलं नव्हतं. शेठचं भिंग त्या पानावरून फिरून गेलं होतं. पंडितजींनी निमूट लिहून घेतलं होतं. मुनिमहाराजांना तर जितके त सापडतील तितके हवेच होते. शेकड्यांतला एक त वाढल्याने कुणाचं काय बिघडणार होतं? कचराभाई तिथं जमिनीवर बसून राहिला. मागच्या खोलीतून डाही ताटावर झाकण ठेवत असल्याचा आवाज येत होता. तिला काय सांगायचं, ते त्याला सुचेना. ती विचारेल, ‘तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत?’ आणि तिचं बरोबर असेल.

तीन वाजता सगळे जमले. त्याने तोंडावरची पट्टी बांधली नाही.

“एकशे बारावं पान, तिसरी ओळ,” तो म्हणाला. “मी त सांगितलाय. पानावर य आहे.” मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून त्याने शेठ चकुभाईंच्या समोर ठेवला. “आजची सकाळची सगळी पानं पुन्हा बघा. मला आता पुढचं ठाऊक असतं.”

शेठना इतकी सोपी जीत अपेक्षित नव्हती. त्यांनी आधी मुनींकडे पाहिलं, मग भिंगातून पानाकडे, मग किल्ल्यांकडे.

“शर्त म्हणजे शर्त,” ते म्हणाले आणि जुडगा उचलला. “दिवाळी झाली की खोली रिकामी कर.”

मुनिमहाराजांनी त्या जागी त खोडून य केला. मग पंडितजींना विचारलं, “आजवर किती प्रती हाताळल्यात?”

“हजारभर असतील, साहेबजी.”

“त्यातल्या किती जणींनी आपण होऊन सांगितलं, की माझ्यात अमुक पानावर चूक आहे?”

पंडितजींनी खरंच आठवून पाहिलं. “एकीनेही नाही.”

“माझ्याही पाहण्यात ही पहिलीच.” मुनी कचराभाईकडे वळले. “किल्ल्या शेठच्या होत्या, त्या त्यांनी घेतल्या. पान माझ्या हवाली आहे. बस. मात्र जागा बदला. तुझ्या तोंडाला आता सवय झाली. पंडितजी तुझ्या जागी बसून पान उलटं, पट्टीतून एकेक सुटं अक्षर बघतील, तू लिहायला बस. दर दोन पानांनी अदलाबदल.”

“मी?” पंडितजी म्हणाले. “उलटं?”

“तोंडाला कापड बांधा,” कचराभाई म्हणाला. “पट्टी डाही देईल.”

खोलीचं कळल्यावर डाहीने एकच प्रश्न केला. “सांगितलं नसतं तर?”

“तर मी पण त्यांच्यासारखाच झालो असतो.”

“त्यांच्यासारख्यांना पक्की घरं आहेत,” ती म्हणाली, आणि झाकलेलं ताट त्याच्यापुढे सरकवलं. तिसऱ्या दिवशी भांडी बांधायला लागली.

बाराव्या दिवशी काम संपलं. जुना आवाज सापडलेल्या जागा अकराशे सात. ताडपत्रं रेशमी बंधनात घट्ट बांधून धनतेरसच्या आधी खंभातला रवाना झाली.

इकडे शेठ चकुभाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा शोभून दिसत होता. अडचण एवढीच होती की त्रेचाळीस किल्ल्यांपैकी एकीवरही खूण नव्हती. ज्ञानपंचमी तोंडावर आली. शेकडो पोथ्या काढून, पाटावर मांडून, पूजेला सजवायच्या होत्या. शेठ आणि त्यांचा मुनीम दोन दिवस कुलपांशी झटत होते. सात कपाटं उघडली. तिसरं उघडेना. किल्ली बरोबर होती, फिरतही होती, दार हलत नव्हतं. शेवटी मुनीम मागच्या खोलीत आला. कचराभाई गोधडी दोरीने बांधत होता.

“शेठ विचारतात, तिसऱ्या कपाटाचं काय करायचं?”

डाहीनेच उत्तर दिलं. “त्याला खालून उजव्या गुडघ्याने ढकलावं लागतं. किल्ल्या नेल्यात, आता गुडघा कुठून आणणार?”

मुनीम निरोप घेऊन गेला. अर्ध्या तासाने शेठ स्वतः आले, जुडगा दाराच्या खुंटीला अडकवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, “पूजेपुरत्या.” ती पूजा पुढं एकोणीस वर्षं चालली.

आगम छापून आला सहा वर्षांनी. अशा पुस्तकात सुरुवातीला सगळ्या प्रतींची यादी असते, प्रत्येकीला एकेक अक्षराची खूण. खंभातच्या ताडपत्राला खं, जेसलमेरच्या प्रतीला जे, अशी. तळटीपांत मग तीच खूण देतात. मुनिमहाराजांना उलट्या मोजणीतले पाठ वेगळे दाखवायचे होते. पण आगमाच्या पुस्तकात रावळाचं नाव छापायला ट्रस्टी तयार होईनात. मुनिमहाराजांनी वाद घातला नाही. त्यांनी खूण दिली, क. आणि साधूने खोटं लिहायचं नसतं, म्हणून यादीत त्या खुणेपुढे जे लिहिलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता: ‘पाटण येथील. कडा किंचित जीर्ण, परंतु अवस्था चांगली. एके ठिकाणी चूक, ती प्रतीनेच दुरुस्त केलेली. अत्यंत विश्वसनीय.’

पंडितजींनी हे छापून आल्यावर ओट्यावर वाचून दाखवलं. कचराभाईने दोनदा ऐकलं.

“कडा जीर्ण म्हणजे काय?” त्याने विचारलं.

“केस पांढरे झालेत तुझे.”

“हं. बाकी बरोबर आहे,” तो म्हणाला आणि घोडावज कांडायला उठला. पण पुस्तकाची एक प्रत त्याने मागून घेतली. डाहीने ती पिठाच्या डब्यावरच्या फळीवर ठेवली, आणि आल्यागेल्याला ती नुसतं बोट दाखवून सांगायची, “आमचे हे त्यात आहेत.” कुठं आहेत, हे तिला दाखवता यायचं नाही. ते सगळीकडे होते, प्रत्येक पानाच्या तळाशी.

मग अभ्यासक यायला लागले. पुण्याहून, बनारसहून, एकदा तर जर्मनीहून एक उंच गृहस्थ आले, धोतर नेसून. सगळ्यांना क प्रत बघायची होती. सूचीत ती नाही, कपाटात नाही. दार उघडायला येणारा पांढऱ्या केसांचा माणूस त्यांना बसवून चहा द्यायचा, सगळं नीट ऐकून घ्यायचा आणि सांगायचा, “ती प्रत आहे. पण कुणी उघडायची नाही, अशी सक्त ताकीद आहे.” ताकीद त्याचीच होती. त्यातल्या एकाने पुढं मोठा लेख लिहिला, की क म्हणजे कडी गावची हरवलेली प्रत असावी. दुसऱ्याने त्याला खोडून काढणारा त्याहून मोठा लेख लिहिला. ते वाद आजही चालू आहेत म्हणतात, आणि कचराभाईला जाऊन बरीच वर्षं झाली.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. बगलेत वह्या घेऊन, क प्रतीच्या शोधात गावोगाव हिंडणारा असा कुणी तुम्हाला भेटला, तर त्याला कडीला जाऊ देऊ नका. खाली बसवा, पाणी द्या, आणि सांगा की ती प्रत कपाटात कधीच नव्हती, मागच्या खोलीत राहायची आणि ताक प्यायची. आणि नाव सांगाल तेव्हा पूर्ण सांगा, कचराभाई वीराभाई रावळ. नुसतं क म्हणू नका.